कर्ता कोण? : 'इम्पोज' या इंग्रजी क्रियापदाची ओळख

इंग्रजी भाषेतील काही शब्द आपल्या घरात शाळेच्या पुस्तकातून येतात, तर काही शब्द कचेरीच्या कागदातून येतात. 'इम्पोज' हा दुसऱ्या प्रकारचा शब्द आहे. कोर्टाच्या निकालपत्रात, कारखान्यात मिळालेल्या मेमोत, खातेनिहाय चौकशीच्या आदेशात आणि रोजच्या इंग्रजी वर्तमानपत्रात तो हमखास भेटतो. कागद ज्याच्या हातात पडतो तो बाप बहुधा शाळेत जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला हाक मारतो आणि म्हणतो, "बघ रे बाळ, यात काय लिहिले आहे." मूल शब्दकोश काढते. शब्दकोशात 'लादणे' असा अर्थ सापडतो. पण तेवढ्याने कागदाचा उलगडा होत नाही.

म्हणून या लेखात आम्ही या एकाच क्रियापदाची नीट ओळख करून देणार आहोत. विद्यार्थ्यांना ती परीक्षेत उपयोगी पडेल, कामगार बंधुभगिनींना कागद वाचताना उपयोगी पडेल. शिवाय आणखी एक कारण आहे. ज्या समाजावर शेकडो वर्षे कामे लादली गेली, नावे लादली गेली, वस्तीची जागासुद्धा लादली गेली, त्या समाजाने 'लादणे' हा शब्द इतरांपेक्षा अधिक बारकाईने वाचायला शिकले पाहिजे.

शब्दाचे मूळ

'इम्पोज' हा शब्द इंग्रजीत फ्रेंच भाषेतून आला आणि त्याचे मूळ लॅटिन भाषेत आहे. मूळ अर्थ अगदी साधा आहे : 'वर ठेवणे'. उच्चार करताना यातील 'ज' हा 'बाजार' या शब्दातील 'ज'सारखा करावा, 'जीवन' शब्दातील 'ज'सारखा नव्हे. जोर 'पोज' या भागावर द्यावा.

या 'पोज'ची भावंडे इंग्रजीत पुष्कळ आहेत. ती एकत्र पाठ केली तर लवकर लक्षात राहतात. 'एक्स्पोज' म्हणजे बाहेर ठेवणे, त्यावरून उघडे पाडणे. 'ऑपोज' म्हणजे विरुद्ध बाजूस ठेवणे, त्यावरून विरोध करणे. 'प्रपोज' म्हणजे पुढे ठेवणे, त्यावरून प्रस्ताव मांडणे. 'कम्पोज' म्हणजे एकत्र ठेवणे, त्यावरून जुळवणे, रचना करणे. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याला आपण कंपोझिटर म्हणत होतो, तो याच शब्दावरून. विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे : जे अन्यायाने इम्पोज झाले ते एक्स्पोज करायचे, त्याला ऑपोज करायचे आणि त्याच्या जागी काय हवे ते प्रपोज करायचे. एका वाक्यात चार क्रियापदे पाठ होतात आणि चळवळीचा क्रमही पाठ होतो.

आता आपला मराठी शब्द पाहा. बैलाच्या किंवा गाढवाच्या पाठीवर ओझे लादतात. लादणारा एक असतो, वाहणारा दुसरा असतो. ओझे किती असावे हे लादणारा ठरवतो. गाढवाला विचारून कुणी ओझे लादत नाही. मराठीत 'माथी मारणे', 'गळ्यात घालणे', 'बोकांडी बसवणे' असेही म्हणतात. या सर्व वाक्प्रचारांत ओझे वरून खाली येते आणि ते माणसाच्या अंगावर, डोक्यावर, मानेवर येऊन बसते. इंग्रजी शब्दातही नेमके हेच चित्र आहे. 'इम्पोज' दिसला की एक वरचा आहे, एक खालचा आहे आणि खालच्याची संमती घेतलेली नाही, एवढे गृहीत धरायला हरकत नाही.

इंग्रजीत एक, मराठीत अनेक

भाषांतर करताना मुले येथेच अडतात. इंग्रजीत जेथे जेथे 'इम्पोज' येतो तेथे तेथे मराठीत 'लादणे' घालून चालत नाही. मराठी माणूस प्रत्येक ओझ्यासाठी वेगळे क्रियापद वापरतो. कर असेल तर तो 'बसवतात' किंवा 'आकारतात'. दंड आणि शिक्षा 'ठोठावतात'. बंदी 'घालतात', अटही 'घालतात'. संचारबंदी 'लागू करतात'. एखाद्या भाषेची किंवा गणवेशाची 'सक्ती करतात'. बहिष्कार 'टाकतात'. स्वतःची मते दुसऱ्यावर 'लादतात'. या सगळ्या ठिकाणी इंग्रजीत 'इम्पोज' चालतो. म्हणून आधी काय लादले आहे ते पाहावे आणि मग मराठी क्रियापद निवडावे.

शब्दाच्या निवडीत बोलणाऱ्याची बाजूही कळते. २५ जून १९७५ रोजी देशात आणीबाणी आली. संविधानाच्या ३५२ व्या अनुच्छेदात त्यासाठी 'उद्घोषणा' असा शब्द आहे. सरकारी भाषेत आणीबाणी 'जाहीर' झाली. पण ज्यांनी ती भोगली ते आजही म्हणतात की ती 'लादली', आणि इंग्रजीत लिहिताना ते 'इम्पोज्ड' लिहितात. घटना एकच, परंतु एका शब्दात सत्तेचा आवाज आहे आणि दुसऱ्यात सोसणाऱ्याचा.

भाषेच्या बाबतीतही तसेच आहे. १९३७ साली मद्रास प्रांताच्या सरकारने शाळांत हिंदी सक्तीची करण्याचा निर्णय घेतला. त्याविरुद्ध पेरियार रामस्वामी यांच्या पुढाकाराने मोठे आंदोलन झाले आणि १९४० मध्ये ती सक्ती मागे घेण्यात आली. तेव्हापासून 'हिंदी इम्पोझिशन' हा शब्दप्रयोग दक्षिणेत घरोघरी माहीत झाला. आपल्या महाराष्ट्रातही एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी अनिवार्य करण्याचा शासन निर्णय निघाला, त्याला विरोध झाला आणि जून २०२५ च्या अखेरीस तो रद्द करण्यात आला. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. विरोध भाषा शिकण्याला नसतो. आपल्या पोरांनी चार भाषा शिकाव्यात, पाली शिकावी, इंग्रजी तर शिकावीच. विरोध असतो तो 'इम्पोज' या क्रियापदाला.

या शब्दाचे काही निराळे उपयोगही आहेत. 'इम्पोझिंग' हे विशेषण चांगल्या अर्थाने येते. भव्य, पाहताक्षणी मनावर छाप पाडणारे, असा त्याचा अर्थ. नागपूरच्या दीक्षाभूमीवरील स्तूप 'इम्पोझिंग' आहे असे म्हटले तर ती स्तुती आहे, तक्रार नव्हे. 'सुपरइम्पोज' म्हणजे एका चित्रावर दुसरे चित्र ठेवणे. काही इंग्रजी शाळांत शिक्षा म्हणून एकच ओळ पन्नास किंवा शंभर वेळा लिहायला लावतात, तिला 'इम्पोझिशन' म्हणतात. आणि पाहुणा जेव्हा यजमानाला म्हणतो, 'आय डोन्ट वॉन्ट टु इम्पोज', तेव्हा त्याचा अर्थ 'माझा तुम्हांला भार नको' असा होतो. आपल्याकडे गावाहून आलेले सात पाहुणे दहा बाय बाराच्या खोलीत महिनाभर राहतात आणि त्यांच्या तोंडून हे वाक्य कधी निघत नाही, ही गोष्ट वेगळी.

वाक्य कसे करावे?

विद्यार्थी मित्रांनो, या क्रियापदाचा नियम छोटा आहे. 'इम्पोज'नंतर आधी ओझे येते, मग 'ऑन' येतो आणि मग ज्याच्यावर ओझे पडले तो येतो. उदाहरणार्थ : 'द कोर्ट इम्पोज्ड अ फाइन ऑन द ड्रायव्हर.' म्हणजे कोर्टाने ड्रायव्हरला दंड ठोठावला. मराठीत आपण 'ड्रायव्हरला दंड' असे म्हणतो, त्यामुळे मुले 'द कोर्ट इम्पोज्ड द ड्रायव्हर अ फाइन' असे लिहितात. ते चूक आहे. 'ऑन' विसरला की गुण गेला. 'ऑन'च्या जागी 'अपॉन' आला तरी अर्थ तोच राहतो. कायद्याच्या भाषेत 'अपॉन' पुष्कळदा आढळतो.

आता हेच वाक्य कर्मणी प्रयोगात पाहा : 'अ फाइन वॉज इम्पोज्ड ऑन द ड्रायव्हर.' ड्रायव्हरवर दंड बसवण्यात आला. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष आहे. पण कोर्ट कुठे गेले? ते वाक्यातून नाहीसे झाले. दंड आहे, ड्रायव्हर आहे, दंड करणारा नाही.

वाचकहो, हा नुसता व्याकरणाचा मुद्दा नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांतून कशी वाक्ये येतात ते आठवा. 'अस्पृश्यांवर अनेक बंधने लादली गेली होती.' कुणी लादली? वाक्यात उत्तर नाही. जणू पाऊस पडला, पूर आला, तशी बंधने आली. वाक्यातून कर्ता गेला की गुन्हेगार गेला. शिल्लक राहतो फक्त सोसणारा, आणि मग लोक त्याच्याकडेच संशयाने पाहतात की याच्यातच काही कमी असेल. म्हणून 'इम्पोज' दिसला की तीन प्रश्न विचारायची सवय आपण आपल्या मुलांना लावली पाहिजे. कुणी लादले? काय लादले? कुणावर लादले? इंग्रजी वाक्यात पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'बाय' या शब्दानंतर मिळते. 'बाय' नसेल तर ते शोधावे लागते.

शेजारचे शब्द

'इम्पोज'च्या आजूबाजूला तीन-चार शब्द राहतात. त्यांच्यात गल्लत होते. 'लेव्ही' म्हणजे कर किंवा शुल्क बसवणे. संविधानाच्या २६५ व्या अनुच्छेदात, कायद्याचा आधार असल्याशिवाय कोणताही कर बसवता किंवा वसूल करता येणार नाही, असे सांगताना हाच शब्द आहे. 'इन्फ्लिक्ट' म्हणजे जखम, वेदना, पराभव यांसारखी पीडा देणे. 'फोर्स' किंवा 'कम्पेल' म्हणजे माणसाला काही करायला भाग पाडणे. येथे कर्म माणूस असतो, ओझे नव्हे. आणि सर्वांत महत्त्वाचा शब्द 'एन्फोर्स'. याचा अर्थ असलेल्या नियमाची अंमलबजावणी करणे. नियम घालून देणारा 'इम्पोज' करतो, तो पाळायला लावणारा 'एन्फोर्स' करतो. हे दोघे एकच असतील असे नाही, आणि या फरकावर आपल्या संविधानातील एक फार मोठे कलम उभे आहे. त्याकडे आपण पुढे येऊच.

एक खरे उदाहरण

तीन प्रश्न विचारायचे म्हणजे काय करायचे, ते एका खऱ्या उदाहरणावरून पाहू. हे उदाहरण परमपूज्य बाबासाहेबांनीच 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' या १९३६ च्या आपल्या प्रसिद्ध भाषणात दिले आहे. घटना १९२८ च्या सुमाराची आहे आणि ती इंदूर संस्थानातील आहे. तेथे बलाई नावाची अस्पृश्य मानली गेलेली जात राहते.

कुणी लादले? इंदूरजवळच्या पंधराहून अधिक गावांतील कालोटा, रजपूत आणि ब्राह्मण यांनी, आणि गावचे पाटील व पटवारी यांनी. बाबासाहेब येथे 'लादले गेले' असे मोघम लिहीत नाहीत. ते जातींची नावे सांगतात, गावांचीही नावे सांगतात.

काय लादले? बलाई पुरुषांनी जरीकाठी पागोटे घालू नये. रंगीत किंवा नक्षीदार काठाचे धोतर नेसू नये. हिंदूच्या घरी मयत झाले तर नातेवाईक कितीही दूर असोत, त्यांना निरोप पोचवावा. हिंदूंच्या लग्नाच्या वरातीपुढे वाजंत्री वाजवावी. बलाई स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, नक्षीदार घागरे आणि चोळ्या घालू नयेत. हिंदू स्त्रियांच्या बाळंतपणात त्यांनी राबावे. या साऱ्या कामांचा मोबदला मागू नये, जे खुशीने दिले जाईल ते घ्यावे. आणि हे मान्य नसेल तर गाव सोडावे.

कुणावर लादले? बलाई स्त्रीपुरुषांवर, लहानथोरांवर.

बलाईंनी ही ओझी उचलायला नकार दिला. मग काय झाले? गावच्या विहिरी त्यांना बंद झाल्या. गुरे चारायला बंदी झाली. ज्या बलाईचे शेत सवर्णांच्या शेतांनी वेढलेले होते, त्याला स्वतःच्या शेतात जायला वाट उरली नाही. त्यांच्या उभ्या पिकांत गुरे सोडण्यात आली. दरबारात अर्ज गेले, पण वेळेवर दाद मिळाली नाही. शेकडो बलाई बायकापोरांसह पिढ्यान्‌पिढ्यांची घरे सोडून शेजारच्या संस्थानांत निघून गेले.

ही यादी पुन्हा एकदा वाचावी. धोतराच्या काठापासून बाळंतपणापर्यंत सारे काही तिच्यात आले आहे. आपल्या आजोबा-पणजोबांना ती नवी वाटली नसती. मयताचा निरोप पोचवणे, मेलेले ढोर ओढणे, साहेबाच्या घोड्यापुढे धावणे ही महारकीची कामे महाराष्ट्राच्या गावोगावी होती. आणि ओझे नाकारले की बहिष्कार हे ठरलेले होते. ओझे हा लादण्याचा एक हात, बहिष्कार हा दुसरा हात. म्हणून बाबासाहेबांनी १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले, तेव्हा सामाजिक बहिष्कार हा शिक्षापात्र गुन्हा ठरवावा अशी स्पष्ट मागणी त्यात केली. त्यासाठी त्यांनी ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला होता.

संविधानाने लादण्यालाच लगाम घातला

आता संविधानात हा शब्द कोठे येतो ते पाहू. राज्य म्हटले की कर आले, दंड आले, निर्बंध आले. कोणतेही सरकार 'इम्पोज' केल्याशिवाय चालत नाही. संविधानाने सरकारला तो अधिकार दिला, पण प्रत्येक ठिकाणी त्याला वेसण घातली.

अनुच्छेद १९ मध्ये बोलण्याचे, सभा भरवण्याचे, संघटना करण्याचे स्वातंत्र्य आहे. सरकार त्यावर कायद्याने निर्बंध लादू शकते. पण ते 'रीझनेबल' म्हणजे वाजवी असले पाहिजेत. वाजवी आहेत की नाहीत हे न्यायालय तपासू शकते. लादणाऱ्याला जाब विचारण्याची सोय येथे आहे.

अनुच्छेद २३ ने वेठबिगार बंद केली. याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या भागात 'इम्पोज' आला आहे. सार्वजनिक हितासाठी सरकार नागरिकांवर सक्तीची सेवा लादू शकते, पण तसे करताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांवरून भेदभाव करता येणार नाही. याचा अर्थ काय? काम लादायचेच असेल तर ते पाटलाच्या पोरावरही पडेल आणि आपल्या पोरावरही पडेल. महारकीची सारी व्यवस्था या एका अटीने मोडून पडते.

अनुच्छेद ३११ सरकारी नोकरांसाठी आहे. केंद्र किंवा राज्य सरकारच्या नागरी सेवेतील माणसाला बडतर्फ करायचे, सेवेतून काढायचे किंवा खालच्या पदावर आणायचे, तर काही ठराविक अपवाद सोडल्यास आधी चौकशी झाली पाहिजे, आरोप कळवले पाहिजेत आणि बाजू मांडायची वाजवी संधी दिली पाहिजे. त्या चौकशीत आलेल्या पुराव्यावरच शिक्षा 'इम्पोज' करता येते. म्हणून चौकशीचा कागद आला की घाबरून कुठेही सही करू नये. आरोप काय आहे, पुरावा काय आहे आणि शिक्षा लादणारा अधिकारी कोण आहे, हे आधी वाचून घ्यावे.

आणि आता अनुच्छेद १७. अस्पृश्यता नष्ट केल्याचे सांगून हा अनुच्छेद म्हणतो की अस्पृश्यतेतून निर्माण होणारी कोणतीही निर्योग्यता अंमलात आणणे हा गुन्हा आहे. येथे शब्द 'इम्पोझिशन' नाही, 'एन्फोर्समेंट' आहे. मघाशी सांगितलेला फरक येथे कामाला येतो. पाणवठ्याचा नियम मूळ कुणी घातला, कोणत्या स्मृतीत घातला, हा वाद घालत बसलात तर आरोपी म्हणेल, "मी कुठे नियम केला? ही तर पूर्वापार रीत आहे." संविधान म्हणते, रीत कुणाची का असेना, आज ती चालवणारा तू आहेस ना? मग गुन्हेगार तूच. जुन्या लादण्यामागे लपायची जागाच उरली नाही.

पुढच्या कायद्यांत तर हे क्रियापद उलटे फिरले. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्यात १९७६ साली दुरुस्ती झाली आणि त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा असे झाले. त्यात कलम १०-अ आले. एखाद्या भागातील रहिवासी अस्पृश्यतेच्या गुन्ह्यात सामील असतील, त्याला चिथावणी देत असतील किंवा पुरावा दडपत असतील, तर चौकशीनंतर राज्य सरकार त्या रहिवाशांवर सामूहिक दंड 'इम्पोज' करू शकते. ज्या गावाने आपल्यावर बंधने लादली, त्या गावावर दंड लादण्याची ही तरतूद आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यालाही ती लागू आहे. ती अस्तित्वात आहे हेच आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते, मग मागणी कोण करणार?

अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीवर, कुटुंबावर किंवा गटावर सामाजिक अथवा आर्थिक बहिष्कार टाकणे हा स्वतंत्र गुन्हा झाला. कायद्याच्या इंग्रजी मजकुरात येथे 'इम्पोज' हेच क्रियापद आहे, आणि नुसती धमकी देणेही त्यात धरले आहे. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्कारविरोधी वेगळा कायदा केला, तो जुलै २०१७ मध्ये अंमलात आला. जातपंचायतीने आपल्याच जातीतल्या माणसाला वाळीत टाकले तरी तो लागू होतो. बाबासाहेबांनी १९४७ साली मागितलेली गोष्ट कायद्याच्या पुस्तकात इतक्या स्पष्टपणे यायला जवळजवळ सत्तर वर्षे लागली.

तक्रार लिहिताना कर्ता लिहा

कायदा आहे, पण तक्रार आपण कशी लिहितो? 'आमच्यावर गावाने बहिष्कार टाकला आहे. आमचे पाणी बंद करण्यात आले आहे. किराणा दिला जात नाही.' अशा अर्जात सोसणारा दिसतो, करणारा दिसत नाही. 'गाव' म्हणजे कोण? 'करण्यात आले' म्हणजे कुणी केले? पोलीस ठाण्यात आणि पुढे कोर्टात याच जागी प्रकरण ढिले पडते.

अर्ज लिहिताना कर्तरी प्रयोग वापरावा. अमुक तारखेला, अमुक वेळी, अमुक ठिकाणी बैठक भरली. अमुक माणसाने अमुक शब्द उच्चारले. हजर कोण कोण होते. दुसऱ्या दिवशी अमुक दुकानदाराने माल द्यायला नकार दिला तेव्हा जवळ कोण उभे होते. कर्ता, क्रिया, कर्म, काळ आणि साक्षीदार, एवढे ज्या वाक्यात आहे ते वाक्य पुढे टिकाव धरते. मराठी व्याकरणाचा तास कंटाळवाणा वाटतो अशी मुलांची तक्रार असते. त्यांना हे सांगावे की अर्जातला कर्ता शोधता यावा म्हणून तो तास असतो.

लादणे आणि स्वीकारणे

शेवटी एक प्रश्न उरतो. मग नियमच नकोत काय? तसे नाही. नियम दोन प्रकारे माणसाकडे येतात. एक वरून पडतो, दुसरा माणूस स्वतः उचलतो.

संविधानाची उद्देशिका पाहा. हे संविधान कुणी आमच्यावर लादले असे ती म्हणत नाही. आम्ही भारताचे लोक ते अंगीकृत करून स्वतःप्रत अर्पण करत आहोत, असे ती म्हणते. कर्ता वाक्याच्या सुरुवातीलाच उभा आहे : आम्ही.

आपला धम्मही तसाच आला. येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची आणि नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. मध्ये एकवीस वर्षे गेली. बाबासाहेबांचा शब्द समाजाला वंद्य होता, ते आज्ञा करू शकले असते. त्यांनी अभ्यास केला, चर्चा केली, लोकांना विचार करू दिला. दीक्षाभूमीवर आधी त्यांनी स्वतः पूज्य भदंत चंद्रमणी महास्थविर यांच्याकडून दीक्षा घेतली आणि मग लाखो लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या प्रतिज्ञांचा कर्ता 'मी' आहे. आपण विहारात पंचशील म्हणतो तेव्हा प्रत्येक शीलाच्या शेवटी 'समादियामि' असा पाली शब्द येतो. त्याचा अर्थ 'मी स्वीकारतो', 'मी ग्रहण करते'. कुणी वरून हुकूम सोडत नाही. तथागतांनी कालामांना हेच सांगितले की केवळ परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून पाहा.

मग आपल्या घरात काय चालते हेही पाहिले पाहिजे. मुलाला चित्रकलेची आवड असताना त्याला जबरदस्तीने दुसऱ्या शाखेत घालणे, दहावी झालेल्या मुलीला न विचारता तिचे लग्न ठरवणे, सुनेने नोकरी करावी की नाही हे तिच्या पाठीमागे ठरवणे, ही सगळी वाक्ये इंग्रजीत लिहिली तर क्रियापद 'इम्पोज'च येईल आणि कर्त्याच्या जागी आपले नाव येईल. 'त्यांच्या भल्यासाठीच' असे आपण म्हणतो. बंधने लादणारे पूर्वीही समाजाच्या भल्याचीच भाषा करत होते. मुलांना समजावून सांगावे, धोके दाखवावेत, रागवायचे तर रागवावे, पण निर्णयाच्या वाक्यात 'मी' म्हणण्याचा त्यांचा हक्क काढून घेऊ नये.

मुलांसाठी सराव

खालील वाक्यांचे इंग्रजीत भाषांतर करा. चार वाक्यांत 'इम्पोज' येईल, एकात येणार नाही. ते कोणते आणि का, हे घरातल्या मोठ्यांना समजावून सांगा.

१. नगरपालिकेने नवा कर बसवला.
२. न्यायाधीशांनी आरोपीला पाच हजार रुपयांचा दंड ठोठावला.
३. सरपंचाने आमच्या कुटुंबावर बहिष्कार टाकला.
४. माझ्या आजीने १९५६ साली नागपूरला धम्म स्वीकारला.
५. तुमची मते माझ्यावर लादू नका.

प्रत्येक वाक्यातील कर्त्याखाली रेघ ओढायला विसरू नका. जय भीम!